‘स्वतःच्या रुग्णांसाठी’ : वैद्याची सवलत आणि बदललेला काळ

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० यातील कलम ३३-ईईसी आपल्यापैकी बहुतेकांनी भैषज्यकल्पनेच्या तोंडी परीक्षेपुरते पाहिलेले असते. परवान्यावाचून आयुर्वेदिक औषधाचे विक्रीसाठी उत्पादन करू नये, बनावट किंवा भेसळयुक्त औषध करू अथवा विकू नये, असे बजावणाऱ्या या कलमाच्या शेवटी एक परंतुक जोडलेले आहे. जे वैद्य आणि हकीम स्वतःच्या रुग्णांच्या उपयोगासाठी औषध तयार करतात, त्यांना या कलमातील कोणतीही गोष्ट लागू होणार नाही, एवढेच ते सांगते. पुण्याच्या पेठांतून, कोथरूड आणि सिंहगड रस्त्यावरच्या लहान दवाखान्यांतून आजही चूर्णे कुटली जातात, खलात भावना दिल्या जातात, तेले सिद्ध होतात. तो सगळा व्यवहार या एका परंतुकाच्या आधाराने चालतो.

कायद्याने इतकी मोठी मुभा इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच दिली असेल. म्हणूनच त्या शब्दांकडे पुन्हा बारकाईने पाहण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते. ‘स्वतःचा रुग्ण’ कोण, याची व्याख्या कायद्याने केलेली नाही. ज्या काळात हे कलम लिहिले गेले त्या काळात ती करण्याची गरजही नव्हती. रुग्ण म्हणजे समोर बसलेला, नाडी दाखवणारा, जिभेचा साम-निराम भाव ज्याच्या तोंडात डोकावून पाहता येतो असा माणूस. मार्च २०२० नंतर हा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत सैल झाला. भ्रमणध्वनी, व्हॉट्सअॅप आणि कुरियर यांनी तो आणखी सैल केला. शासनाने सवलत काढून घेतलेली नाही, हे खरे. पण ज्या विश्वासावर ती दिली गेली तो विश्वास आपणच खर्चून बसू, ही भीती आता वाटू लागली आहे.

नियमनाचा इतिहास थोडक्यात

वैद्याने राजाची अनुज्ञा घेऊन मगच व्यवसायास आरंभ करावा, हा सुश्रुताचा दंडक आपणा सर्वांना परिचित आहे. नियमन ही ब्रिटिशांनी आपल्या माथी मारलेली गोष्ट आहे, असा एक समज आपल्यात वावरत असतो; त्याला संहितेत फारसा आधार नाही. मुंबई इलाख्यात १९३८ च्या वैद्यक व्यवसायी कायद्याने वैद्यांच्या नोंदणीचा मार्ग खुला झाला. पुढे महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ आला आणि त्याखालील नोंदणी क्रमांक आज आपण पाटीवर लावतो. औषधांच्या बाबतीत १९६४ च्या दुरुस्तीने मूळ कायद्यात प्रकरण ४-अ घातले गेले आणि आयुर्वेदीय औषधे प्रथमच केंद्रीय कायद्याच्या कक्षेत आली.

पुण्याने त्याआधीच वेगळा धडा घालून दिला होता. राष्ट्रीय शिक्षण मंडळाने १९३३ मध्ये टिळक आयुर्वेद महाविद्यालय आणि १९३५ मध्ये आयुर्वेद रसशाळा स्थापन केली. वैद्य पुरुषोत्तमशास्त्री नानल यांच्यासारखे चिकित्सक या कार्यात होते. औषध मोठ्या प्रमाणावर करावयाचे तर ते दवाखान्याच्या मागच्या खोलीत न करता त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था, स्वतंत्र हिशेब आणि स्वतंत्र जबाबदारी हवी, ही जाण त्यामागे दिसते. वैद्याचे औषध आणि कारखान्याचे औषध असे दोन प्रवाह तेव्हापासून शेजारी शेजारी वाहत आले. दोन्ही आवश्यक आहेत. अडचण होते ती एका प्रवाहाची सवलत घेऊन दुसऱ्याचा व्यापार करू पाहणाऱ्यांची.

टाळेबंदीत काय घडले

महाराष्ट्रातील पहिले दोन कोविड रुग्ण पुण्यातच, ९ मार्च २०२० रोजी आढळले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मध्यवर्ती पेठांचा मोठा भाग बंद करण्यात आला. दवाखान्यात येणारा रुग्ण थांबला, काष्ठौषधींचा पुरवठा अनियमित झाला आणि दूरध्वनी मात्र सतत वाजू लागला. त्याच एप्रिलमध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्यवसायींसाठी दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यामुळे एक मोठा प्रश्न सुटला. दुरून सल्ला देणे आता कायदेशीर होते. मात्र वैद्याने स्वतःची ओळख व नोंदणी क्रमांक सांगणे, रुग्णाची ओळख व वय विचारून घेणे, त्याची संमती असणे आणि सल्ल्याची नोंद ठेवणे हे त्यासोबत आले.

जुन्या, माहितीतल्या रुग्णाला फोनवर विचारपूस करून औषध पाठवणे यात गैर काहीच नव्हते. उलट त्या दिवसांत अनेक वैद्यांनी जी सेवा केली ती लिहून ठेवण्याजोगी आहे. पण पुढची पायरी लवकरच आली. रुग्णाचा मेहुणा फोन करू लागला, मग मेहुण्याचा शेजारी, मग शेजाऱ्याच्या सोसायटीचा सचिव. ‘आमच्या इमारतीत चाळीस बिऱ्हाडे आहेत, प्रत्येकी एक याप्रमाणे काढ्याच्या पुड्या पाठवा’ अशा मागण्या शहरातील अनेक व्यवसायबांधवांकडे आल्या. त्या चाळीस घरांत गर्भिणी होती का, रक्त पातळ करणारी औषधे घेणारा वृद्ध होता का, पित्तप्रकृतीच्या माणसाने भर वैशाखात सुंठ-मिरीचा काढा दिवसातून दोनदा घ्यावा का, हे पाठवणाऱ्याला ठाऊक नव्हते. चाळीस पुड्या मागवणारी सोसायटी हा कोणाचाही रुग्ण नव्हे. ते गिऱ्हाईक होय, आणि गिऱ्हाइकासाठी औषध तयार करण्यास परवाना लागतो.

या ठिकाणी विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायाची आठवण व्हावी. गंगेच्या तीरावर फिरताना आत्रेयांनी अग्निवेशाला सांगितले ते असे की, येणारी आपत्ती भूमीचे रस-वीर्य बिघडवण्यापूर्वीच औषधे गोळा करून ठेव. साथीच्या काळात औषध कमी पडते आणि निकृष्टही मिळते, ही जाण त्या उपदेशात आहे. २०२० च्या उन्हाळ्यात गुळवेलीचे जे झाले ते पाहता हा अध्याय किती व्यावहारिक आहे याची प्रचीती आली.

गुळवेलीचे प्रकरण थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये एका यकृतविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्याचा संबंध गुळवेलीच्या सेवनाशी जोडला गेला. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती, हेच तपासलेले नाही, असा मुख्य मुद्दा होता. गुळवेलीसारखीच दिसणारी, त्याच वंशातील दुसरी जात बाजारात मिसळली जाऊ शकते, असेही नंतर सांगण्यात आले. आक्षेप योग्यच होता. परंतु त्यातून उभा राहिलेला प्रतिप्रश्न आपल्याकडे वळतो. ज्या वैद्याने त्या काळात गुळवेल दिली, त्याच्याजवळ ती कोणत्या दुकानातून, कोणत्या तारखेला आणली, कोणी ओळखली, किती दिली याची नोंद होती काय? ती असेल तर आपला बचाव पुराव्यानिशी उभा राहतो. नसेल तर ‘आमचे द्रव्य निर्दोष आहे’ या वाक्याला श्रद्धेपलीकडे मोल उरत नाही. आयुष औषधांसाठी २०१८ पासून औषधसतर्कतेचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात दुष्परिणामांची नोंद करणे म्हणजे आयुर्वेदाची बदनामी, ही समजूत आपल्यातून जाण्यास अजून वेळ लागेल असे दिसते.

प्रकाश, ध्वनी किंवा धूर

आता जाहिरातीकडे वळू. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हा कायदा सत्तरी ओलांडून गेला आहे आणि त्याची भाषा जुन्या वळणाची आहे. ‘जाहिरात’ या शब्दाच्या व्याख्येत त्याने सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन तर घेतलेच; शिवाय तोंडी केलेली घोषणा आणि प्रकाश, ध्वनी अथवा धूर निर्माण वा प्रक्षेपित करणाऱ्या कोणत्याही साधनाने केलेली घोषणा हीदेखील त्यात घेतली. धुराने आकाशात अक्षरे काढणाऱ्या विमानांचा तो काळ होता. आज हा शब्दप्रयोग वाचताना हसू येते. पण हातातल्या मोबाइलचा पडदा म्हणजे प्रकाश आणि ध्वनी यांखेरीज दुसरे काय आहे? ‘तो कायदा वर्तमानपत्रांसाठी आहे, व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला लागू नाही’ असे म्हणणाऱ्या तरुण वैद्यमित्रांनी ही व्याख्या एकदा वाचावी.

याच कायद्याच्या अनुसूचीत चोपन्न रोग व अवस्था दिलेल्या आहेत. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, संधिवात, स्थूलता, रक्तदाब, श्वित्र, मूतखडा, वंध्यत्व ही नावे त्यात आहेत. यांचे निदान, निवारण किंवा उपचार अमुक औषधाने होतात अशी जाहिरात करण्यास मनाई आहे. ‘कोविड तर या यादीत नव्हता’ असा युक्तिवाद २०२० मध्ये ऐकू येत असे. १९५४ मध्ये ते नाव असणे शक्यच नव्हते. मात्र त्या यादीत सर्वसाधारण ज्वर आहे आणि न्यूमोनियाही आहे. शिवाय १ एप्रिल २०२० रोजी आयुष मंत्रालयाने कोविडवरील उपचाराचे दावे करणाऱ्या जाहिराती थांबवण्याविषयी राज्यांना स्वतंत्र आदेशही दिला होता.

चिकित्सेवर बंदी नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण या बाबतीत अकारण घबराट आढळते. मधुमेहाच्या रुग्णावर उपचार करणे हा आपला अधिकार आहे. कायद्याचे कलम १४ नोंदणीकृत व्यवसायीला याहून पुढची मुभा देते. अमुक रोगावर येथे उपचार केले जातात अशी पाटी तो आपल्या दवाखान्याच्या जागेत लावू शकतो. शास्त्रीय वा सामाजिक दृष्टीने लिहिलेला प्रामाणिक ग्रंथही जाहिरात ठरत नाही. पाटी जागेत असावी, हा त्यातला गाभा. जिना चढून आलेला माणूस ती वाचतो. तीच पाटी छायाचित्र काढून पाचशे लोकांच्या गटात टाकली की ती ‘जागेत’ राहिली असे म्हणणे मला तरी अवघड वाटते. व्याख्यानाची ध्वनिचित्रफीत शास्त्रीय विवेचन म्हणून चालेल. तिच्या शेवटी ‘औषधासाठी या क्रमांकावर संपर्क साधा’ ही ओळ आली की तिची जात बदलते.

या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयात तपासली गेली ती डिसेंबर १९५९ च्या हमदर्द दवाखाना खटल्यात. जाहिरात हा भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे, असा बचाव तेव्हा केला गेला होता. निषिद्ध औषधांची व्यापारी जाहिरात म्हणजे विचारांचा प्रचार नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. कायद्याचा काही भाग तेव्हा रद्द झाला, पण मुख्य मनाई टिकली. म्हणजे आपल्या क्षेत्राला हा प्रश्न नवीन नाही.

हरिद्वारचे उदाहरण आणि पुण्याचे

२३ जून २०२० रोजी हरिद्वार येथे पतंजलीने ‘कोरोनिल’ हे उत्पादन कोविडवरील औषध म्हणून जाहीर केले. आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी तपशील मागवले आणि जाहिरात थांबवण्यास सांगितले. उत्तराखंडच्या परवाना अधिकाऱ्यांनी परवानगी प्रतिकारशक्ती, खोकला व ताप यांसाठीच्या अर्जावर दिली होती, हे उघड झाले. महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनीही प्रमाणित नसलेल्या औषधाची राज्यात विक्री होऊ देणार नाही, अशी भूमिका घेतली होती.

पुढचा भाग न्यायालयातला. इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर २१ नोव्हेंबर २०२३ रोजी कंपनीने दिशाभूल करणाऱ्या जाहिराती न करण्याची हमी दिली आणि त्यानंतरही जाहिराती चालू राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती हिमा कोहली व न्यायमूर्ती अहसानुद्दीन अमानुल्ला यांच्या खंडपीठाने अवमानाची नोटीस काढली. एप्रिलमध्ये माफीपत्रे नाकारली गेली. वर्तमानपत्रांतील माफीचा आकार पूर्वीच्या जाहिरातींएवढा होता का, अशी विचारणा झाली. त्याच महिन्यात उत्तराखंडने चौदा उत्पादनांचे परवाने निलंबित केले. अखेर १३ ऑगस्ट २०२४ रोजी माफी स्वीकारून अवमानाची कारवाई बंद करण्यात आली.

हा सर्व काळ आपल्या वर्तुळात एकच सूर ऐकू येत होता : हा आयुर्वेदावरचा हल्ला आहे. तसे वाटण्यामागे कारणेही होती. याचिकाकर्त्या संघटनेची आपल्याविषयीची भाषा सौहार्दाची नसते. न्यायालयाने त्याच सुनावणीत त्या संघटनेलाही आपल्या सदस्यांच्या महागड्या औषधलेखनाकडे पाहण्यास सांगितले, हे आपण आवडीने एकमेकांना पाठवले. पण मुद्दा अरुंद होता. जाहिरात कायद्यात बसते की नाही आणि न्यायालयाला दिलेला शब्द पाळला की नाही, एवढाच. त्याचे उत्तर ‘आयुर्वेद थोर आहे’ हे असू शकत नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्या शहराशी संबंधित दुसरे उदाहरण फारसे बोलले जात नाही. सप्तपर्ण, कटुकी, किराततिक्त व कुबेराक्ष यांपासून केलेले ‘आयुष-६४’ हे केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने मूळ हिवतापासाठी विकसित केलेले औषध. कोविडमध्ये त्याची चाचणी झाली ती लखनौ, वर्धा आणि मुंबई अशा तीन केंद्रांवर, आणि त्या कामाचे मानद मुख्य समन्वयक होते पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसचे संचालक डॉ. अरविंद चोप्रा. ज्या आंतरशाखीय कृतिगटाने संशोधनाचे आराखडे केले त्याचे अध्यक्ष डॉ. भूषण पटवर्धन हेही पुण्याचेच. २९ एप्रिल २०२१ रोजी जो निष्कर्ष जाहीर झाला त्याची शब्दयोजना पाहावी : लक्षणे नसलेल्या, सौम्य आणि मध्यम आजारात, प्रमाणित उपचारांच्या जोडीने उपयुक्त. ‘रामबाण’ नाही, ‘सात दिवसांत’ नाही. दुसऱ्या लाटेत रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या आणि लोक कोणत्याही आश्वासनावर विश्वास ठेवायला तयार होते, त्या दिवसांतले हे मोजके शब्द आहेत. त्या चाचण्यांच्या पद्धतीवर मतभेद असू शकतात, आणि ते मांडता येतात, कारण दावा मर्यादित व तपासण्याजोगा आहे.

जाहिरात-नियमनाचे पुढचे वळण मात्र गोंधळाचे आहे. उत्पादकाने जाहिरातीपूर्वी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून ओळख क्रमांक घ्यावा असे सांगणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रालयाने राज्यांना त्याखाली कारवाई करू नका असे कळवले. १ जुलै २०२४ रोजी तो वगळण्यात आला, २७ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि ११ ऑगस्ट २०२५ रोजी मूळ प्रकरणच बंद होऊन स्थगितीही संपली. याचा अर्थ काही जण ‘आता मोकळीक आहे’ असा काढतात. तसे नाही. १९५४ चा कायदा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आहे आणि त्याखालील केंद्रीय प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘आयुष सुरक्षा’ पोर्टलवर कोणीही नागरिक तक्रार नोंदवू शकतो. आणि व्यवसायी म्हणून आपल्याला भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाचे २०२३ चे नीती व नोंदणीविषयक विनियम लागू आहेतच.

पुडी आणि फी

नीतीची चर्चा पैशाचा विषय टाळून करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मोडली पाहिजे. पुण्यातील बहुसंख्य दवाखान्यांत तपासणीची फी नाममात्र असते किंवा औषधातच धरलेली असते. अर्धा तास रुग्णाचा इतिहास ऐकून, आहार-विहार समजावून वैद्य जे मिळवतो ते पुडीच्या किमतीतून. यामुळे दवाखाना ओस पडला की उत्पन्नाचा एकच मार्ग उरतो, अधिक पुड्या जाणे. टाळेबंदीत आपल्यापैकी अनेकांना जे मोह झाले त्यांचे मूळ लोभात कमी आणि या रचनेत अधिक होते, असे माझे निरीक्षण आहे. घरभाडे, कामाला ठेवलेल्या बाईंचा पगार, कर्जाचा हप्ता टाळेबंदीत थांबले नव्हते. चिकित्सेला विक्रीचा माल करणाऱ्याची चरकाने संभावना कशी केली आहे, हे आपण भाषणांत सांगतो. पण ज्ञानाची फी मागायला लाजायचे आणि मालाची किंमत वाढवायची, ही रीत त्या निषेधाच्याच रोखाने जाते. तपासणीची फी वेगळी, पावतीसह, आणि औषधाची किंमत वेगळी, असे केल्यास दुरून दिलेल्या सल्ल्याचेही मोल घेता येते आणि पुडी पाठवण्याची निकड कमी होते.

नव्या सल्ला-ॲपनी हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने आणला आहे. काही ठिकाणी वैद्याला सल्ल्याचे मानधन नगण्य आणि त्याच कंपनीची औषधे लिहिल्यावर टक्केवारी, असा करार असतो. माझ्या परिचयातील एका तरुण वैद्येने अशी नोकरी चार महिन्यांत सोडली. महिन्याअखेरीस तिला किती रुग्ण बरे वाटले असे सांगतात हे न विचारता किती ‘संच’ लिहिले हे विचारले जाई. टक्केवारी घेणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, मग ती प्रयोगशाळेकडून पाकिटात येवो वा ॲपमधून थेट खात्यात.

अनुसूची ई-१ मधील द्रव्यांविषयी वेगळे बजावले पाहिजे. वत्सनाभ, कुचला, भल्लातक, धत्तूर, जयपाल, पारद, हरताळ, मनःशिला, हिंगूळ ही द्रव्ये ज्या कल्पांत आहेत ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची, असा इशारा लेबलवर छापणे उत्पादकाला बंधनकारक आहे. अशी औषधे नोंदणीकृत वैद्याचे औषधपत्र घेतल्याशिवाय संकेतस्थळांवरून विकू नयेत, अशी सूचना केंद्रीय ग्राहक प्राधिकरणाने २०२२ मध्ये ई-व्यापार कंपन्यांना दिली. तरीही आपल्याच काही बांधवांकडून रसौषधी कुरियरने परगावी जातात, तोंडओळखीच्याही पलीकडच्या माणसाला. परदेशी पाठवण्याचा मोह तर अधिकच, कारण न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाला आईने दिलेल्या पुड्या तिथल्या दुकानात मिळत नाहीत. २००८ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकाने इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध केली आणि सुमारे एकपंचमांश उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे सांगितले. शोधन-मारणाविषयीचे आपले म्हणणे त्यात विचारात घेतलेले नव्हते, ही तक्रार रास्त आहे. पण कस्टम्सच्या अधिकाऱ्याने पाकीट उघडले, आत नाव नसलेली काळी पूड निघाली, तर शोधन-मारणाचे विवेचन त्या पुडीसोबत गेलेले नसते.

कागद आणि गुपित

रुग्णाच्या घरात शिरल्यावर तेथील गोष्टी बाहेर सांगू नयेत, हा विमानस्थानातील शिष्योपनयनाचा उपदेश. आपण रुग्णाच्या जिभेचे, त्वचारोगाचे, अर्शाचेसुद्धा छायाचित्र मोबाइलवर घेतो. ते त्याच फोनमध्ये राहते ज्यात घरच्या लग्नाचे फोटो असतात, आणि ‘आधी-नंतर’ म्हणून गटांत फिरते. अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. लहान दवाखान्यानेही आजपासून एवढे तरी करावे : व्यवसायाचा क्रमांक वेगळा ठेवावा, छायाचित्रासाठी लेखी संमती घ्यावी, आणि रुग्णाने ‘काढून टाका’ म्हटले तर ते काढून टाकावे.

‘स्वतःचा रुग्ण’ कोण, या प्रश्नाला माझे उत्तर कागदाच्या रूपाने आहे. ज्याचा केसपेपर आहे तो माझा रुग्ण. त्यावर नाव, वय, तारीख, भेट प्रत्यक्ष झाली की फोनवर, मुख्य वेदना, चालू असलेली इतर औषधे, निदान आणि दिलेला कल्प. पुडीवर त्याचेच नाव, घटकद्रव्ये, केल्याची तारीख, किती दिवसांत संपवावी, आणि दवाखान्याचा नोंदणी क्रमांकासह पत्ता. लेबलचा नियम १६१ उत्पादकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ‘गुप्त योग’ म्हणून घटक न सांगण्याची जुनी सवय आता टिकणारी नाही. अतिदक्षता विभागातील डॉक्टर रात्री अकरा वाजता फोन करून ‘यात काय आहे’ असे विचारतो तेव्हा रुग्णाच्या जीवाचा प्रश्न असतो. ज्याला आपला योग दुसऱ्या वैद्यांना पुरवावयाचा आहे किंवा दुकानांत ठेवावयाचा आहे, त्याने सरळ परवानाधारक औषधशाळेकडून तो करून घ्यावा. तेथे लेबलवर परवाना क्रमांक येतो, गट क्रमांक येतो, आणि परंतुकाचा आधार घेण्याची गरजच राहत नाही.

आपल्या संघटनेने या कामी एक गोष्ट करावी, अशी विनंती आहे. दूरचिकित्सेची नोंद, छायाचित्राची संमती आणि पुडीवरची चिठ्ठी यांचे समान नमुने मराठीत तयार करून सभासदांना द्यावेत. नमुना एका पानाचा असावा. दोन पानांचा कागद रुग्ण वाचत नाही आणि गर्दीच्या दिवशी आपणही भरत नाही.